दारावरचा टॉवेल

सिस्टरकाकू हॉस्टेलात राहायला आल्या त्या दिवशी जिन्यातल्या मुलींना वाटलं, कुणाची तरी आई सामान लावून द्यायला आलीय. एकीनं विचारलंसुद्धा, "काकू, तुमची मुलगी कितव्या मजल्यावर?" काकूंनी गादीची वळकटी पायरीवर टेकवली, कंबरेवर हात ठेवून दोन श्वास घेतले आणि म्हणाल्या, "मुलगी घरी आहे. शिकायला मी आलेय." पोरगी ओशाळली. वळकटीचं दुसरं टोक धरून ती वरपर्यंत आली आणि वर पोचेस्तोवर 'काकू' हे नाव कायमचं चिकटलं होतं. बाई नर्स आहेत हे पुढे कळलं, तेव्हा त्याच्या आधी सिस्टर लागलं. खरं नाव रेक्टरबाईंना ठाऊक असेल तेवढंच.

आता या वयात हा उपद्व्याप कशाला, असं कुणीही विचारेल. घरच्यांनी विचारलंच होतं. पण बाईंचं अर्धं आयुष्य वॉर्डात उभ्यानं गेलं होतं. कंबर गेली होती, गुडघे जायच्या बेतात होते, आणि रात्रपाळी करून सकाळी घरी आलं की पायातले बूट काढायलासुद्धा वाकवत नव्हतं. पदवी हातात आली तर नर्सिंगच्या कॉलेजात शिकवायची जागा मिळणार होती. दिवसाची नोकरी. आणि खुर्ची! बाईंना त्या खुर्चीचं फार होतं. नवऱ्याला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "अहो, मला मोठं काही व्हायचं नाही. मला बसायचंय."

म्हणून रजा काढून त्या आल्या. बाकीचे सगळे विषय सुटले, पण संख्याशास्त्रानं गचांडी दिली. आता त्या एका पेपरासाठी पुन्हा बसायची ही शेवटची संधी होती. सुटला तर खुर्ची, नाही तर परत वॉर्ड, परत रात्रपाळी आणि परत ते बूट. मधलं काही नव्हतं.

आणि अभ्यास करायचा कुठे, तर या हॉस्टेलात. ऐका. काकूंच्या खोलीच्या एका बाजूला होती धडाम. हिचंही खरं नाव वेगळं असणार, पण पोरगी हॉकी खेळायची, तिच्या हातात जोर होता, आणि दार हे लोटून बंद करायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पहाटे सरावाला जाताना धडाम, आल्यावर धडाम, आणि मग किटबॅग जमिनीवर टाकल्याचा दणका. काकूंच्या पलंगाची उशाकडची भिंत आणि धडामच्या दाराची भिंत एकच. दुसऱ्या बाजूला रेडिओ. ही बाथरूममध्ये गायची, स्वयंपाकघरात गायची, फोनवर आईशी बोलतानासुद्धा अधूनमधून गायची. पलीकडे एकीचा गजर होता, तो वाजायचा, गप्प व्हायचा, पुन्हा वाजायचा, आणि त्याची मालकीण सोडून अख्खा मजला उठायचा. नळ उघडला की भिंतीतले पाइप कण्हायचे. केस वाळवायचं यंत्र, कुणाची भांडी, कुणाचं भांडण. कागदाचे कपटे वाटाव्यात अशा भिंती. इकडे शिंकलं की तिकडून "जपा हं काकू" यायचं.

बरं, नुसता आवाज असता तर काकूंनी सोसला असता. वॉर्डात काय अंगाई गातात? पण दारावर टकटक. "काकू, डोकं दुखतंय, गोळी आहे का?" "काकू, हे बटण लावून द्या ना." "काकू, माझं बोट बघा, कापलंय." कापलेलं कसलं, ओरखडा. घरच्या रामरगाड्यातून सुटून अभ्यास करायला म्हणून बाई इथे आल्या, आणि इथे अख्ख्या मजल्याची आई होऊन बसल्या. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

घरी लेक बारावीला होती. पुढच्या वर्षी तिला हॉस्टेलला ठेवायचं की मावशीकडे, यावर घरात चर्चा चालू होती, आणि फोन केला की ती विचारायची, "आई, एक काय ते सांग ना. हॉस्टेल चांगलं की वाईट?" आईचं उत्तर वाराप्रमाणे बदलायचं. ताप भरला आणि रेडिओनं उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवल्या, त्या दिवशी आई म्हणाली, "चांगलं गं. एकटं पडत नाही माणूस." बाथरूमच्या रांगेत उभं राहून लेक्चर चुकलं तेव्हा म्हणाली, "मावशीकडे जा, गुपचूप." ग्रंथालय दोन पावलांवर, पाऊस असो वा ऊन, हे चांगलं. फ्रिजमध्ये नाव घालून ठेवलेलं दूध कुणीतरी नाव वाचून प्यायचं, हे वाईट. "आई, तू धड सांगतच नाहीस," लेक म्हणायची. धड काय सांगणार? धड असतं तर सांगितलं असतं.

एकदा तर बाईंचा संयम सुटला आणि त्यांनी धडामची तक्रार रेक्टरबाईंकडे केली. रेक्टरबाईंनी तिला बोलावून चांगलं खडसावलं. तेव्हापासून पोरगी काकूंना बघितलं की नजर खाली घालायची. दारावर तिनं जुन्या स्लिपरच्या रबराची पट्टी चिकटवली होती. तरी घाईत असली की दार आपटायचंच, पण आता धडामऐवजी धप्प एवढंच. काकूंना मनातून वाईट वाटलं. पण जाऊन चार शब्द बोलावेत एवढं त्राण संध्याकाळी उरायचं नाही.

या मजल्यावर एक रीत होती. कुणी पाडली देव जाणे, सगळ्यात जुन्या मुलीलाही माहीत नव्हतं. ज्या मुलीचा दुसऱ्या दिवशी पेपर असेल, तिनं आदल्या संध्याकाळी आपला टॉवेल दाराच्या मुठीला अडकवायचा. टॉवेल दिसला की दार वाजवायचं नाही. मग आग लागो की पूर येवो. ही रीत मोडलेली कुणी बघितली नव्हती. मात्र ती फक्त दार न वाजवण्यापुरती होती. गाणी, पाइप आणि गजर यांना टॉवेल दिसत नसे.

पेपरच्या आदल्या दिवशी संध्याकाळी काकू चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या. रेडिओ गात होती, कुणीतरी नूडल्सचं भांडं करपवलं होतं, धडाम कोपऱ्यात अंडी उकडत होती. काकूंच्या हातून साखरेची बरणी निसटली. फुटली नाही, नुसती सांडली. आणि काकू सांडलेल्या साखरेकडे बघत उभ्या उभ्या रडायला लागल्या.

मुली घाबरल्या. काकू म्हणजे कुणाचं रक्त बघून न हलणारी बाई. रेडिओचं गाणं तोंडातल्या तोंडात विरलं.

"काकू, काय झालं?"

"काही नाही गं. थकले मी," काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "रात्रभर झोप नाही, पहाटे डोळा लागतो तोवर तुमचं सुरू होतं. डोक्यात आकडा टिकत नाही. उद्याचा पेपर गेला तर माझं संपलं बघा. मला एक सकाळ द्या गं. एकच सकाळ. शांत."

धडामनं गॅस बंद केला आणि खाली बसून साखर भरायला लागली. काकू चहा न घेताच खोलीकडे निघाल्या. रेडिओ मागून पळत आली.

"काकू, मोबाईल माझ्याकडे द्या. घरून फोन येत राहतात तुम्हाला, हे कुठे आहे आणि ते कुठे आहे. उद्या निघताना माझ्याकडून घेऊन जा."

हे मात्र पोरगी शहाण्यासारखं बोलली, असं काकूंना वाटलं. त्यांनी मोबाईल दिला. त्यातच सकाळचा गजर होता हे त्यांच्या ध्यानात आलं, पण गजर हवा कुणाला? वर्षभरात त्यांना गजर लागला नव्हता. धडाम सरावाला निघाली की डोळा उघडायचा, रेडिओ बाथरूममध्ये शिरली की उठायची वेळ, पाइप कण्हायला लागले की चहाची. कानच घड्याळ झाले होते. खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ तर त्यांनी कधीच उतरवून कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं होतं. टिकटिक नको म्हणून. त्यांनी टॉवेल दाराला अडकवला, कॅल्क्युलेटर आणि ओळखपत्र टेबलावर मांडून ठेवलं आणि आडव्या झाल्या.

इकडे स्वयंपाकघरात मुलींची सभा बसली.

आणि काय सांगू, त्या मजल्यानं दुसऱ्या दिवशी जी शांतता पाळली तशी कुणाच्या शोकसभेतही पाळत नाहीत. गजरवालीनं गजर बंद करून मैत्रिणीला सांगितलं, मला हलवून उठव. पाइप कण्हू नयेत म्हणून सगळ्या जणी ब्रश आणि साबण घेऊन खालच्या मजल्यावर गेल्या, तिथल्या मुलींच्या शिव्या खाल्ल्या, पण वरचा नळ कुणी उघडला नाही. चपला हातात घेऊन चालल्या. रेडिओनं ओठ मिटले ते मिटलेच. आणि धडामनं रबराच्या एका पट्टीवर भरवसा न ठेवता आणखी दोन पट्ट्या लावल्या, पहाटे दार दोन्ही हातांनी धरून बाळाला पाळण्यात ठेवावं तसं मिटलं आणि पायमोज्यांवर जिना उतरली. परत आली तीही तशीच. किटबॅग छातीशी धरून आणली आणि पलंगावर अलगद ठेवली.

काकूंना मध्ये एकदा जाग आली. खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी. पहाट काय आणि दुपार काय, तिथे सारखाच राखाडी उजेड. त्यांनी कानोसा घेतला. दार नाही, गाणं नाही, पाइप नाहीत. अजून धडामसुद्धा उठली नाही म्हणजे चांगलीच पहाट आहे, त्यांनी हिशेब केला. किती दिवसांनी असं स्वस्थ वाटत होतं! त्या कुशीवर वळल्या, पांघरूण गळ्यापर्यंत घेतलं आणि पुन्हा झोपल्या. करायला गेले काय आणि उलटे झाले पाय!

रेडिओच्या टेबलावर काकूंचा मोबाईल आवाज बंद करून ठेवला होता. तो थरथरत थरथरत कडेला आला आणि पडणार तेवढ्यात रेडिओनं झेलला. घरून लेकीचे कितीतरी फोन येऊन गेले होते. हा तिनं घेतला.

"आई निघाली का?" लेकीनं विचारलं.

"निघाल्याच असतील," रेडिओ कुजबुजली. सकाळपासून कुजबुजायची सवय लागली होती. "खोलीतून काही आवाज नाही. पेपर आता सुरूच होईल."

"मग तिचा फोन तुमच्याकडे कसा?"

रेडिओ त्या मोबाईलकडे बघतच राहिली. काकू निघताना मोबाईल घेऊन जाणार होत्या. ती पायमोज्यांवर धावत बाहेर आली. काकूंच्या दाराला टॉवेल तसाच लटकत होता.

तोवर धडामही दारात आली होती. दोघी टॉवेलकडे बघत उभ्या राहिल्या. रेडिओनं हात उचलला, खाली घेतला, परत उचलला आणि एका बोटाच्या पेरानं दारावर टक् केलं. मग जरा जोरात, टक टक.

आत काकूंनी ती टकटक ऐकलीही असेल. पण वर्षभरात दारावरची टकटक म्हणजे कुणाला तरी गोळी हवी, एवढं त्यांच्या झोपेलाही पाठ झालं होतं. त्या हलल्या नाहीत.

"त्यांना बरं नसेल तर?" रेडिओचा चेहरा उतरला. "रेक्टरबाईंना बोलावू?"

धडाम आपल्या खोलीच्या दाराशी गेली. दारावर चिकटवलेल्या रबराच्या तिन्ही पट्ट्या तिनं एकेक करून ओरबाडून काढल्या, दार भिंतीला टेकेल इतकं मागे नेलं आणि होता नव्हता तो सगळा जोर लावून आपटलं.

काकूंच्या उशाकडची भिंत हादरली. टेबलावरचा कॅल्क्युलेटर खाली पडला. काकू झोपेतच ओरडल्या, "अगं ए धडाम! मेले मी!" आणि ओरडता ओरडता उठून बसल्या. मागोमाग दुसरा आवाज आला, किटबॅग जमिनीवर टाकल्याचा. तो दणका सरावाहून परत आल्यावरचा असतो. धडाम आली? मग गेली कधी?

त्यांनी दार उघडलं तेव्हा बाहेर अख्खा मजला पायमोज्यांवर उभा होता. मोबाईलमधून लेकीचं "हॅलो, हॅलो" तेवढं ऐकू येत होतं.

"किती वाजले गं?" काकूंनी विचारलं.

रेडिओनं मोबाईल त्यांच्यापुढे धरला. पेपर सुरू होऊन गेला होता.

पुढचं सगळं मुलींनी केलं. कुणी काकूंच्या गाऊनवर स्वेटर चढवला, कुणी पिशवी भरली, गजरवालीनं स्वतःचे बूट त्यांच्या पायात घालून नाड्या बांधल्या. धडाम सायकल काढायला पुढे पळाली होती. काकू मागे बसल्या आणि ती उभी राहून पॅडल मारायला लागली. वाटेत चढ आला तेव्हा काकू म्हणाल्या, "मी उतरते, झेपायची नाही तुला." धडाम म्हणाली, "बसा गप्प." वर्षभरात त्या दोघींचं झालेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

परीक्षेच्या हॉलचं दार पेपर सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं बंद व्हायचं. दारावरचा माणूस कडी लावायच्या बेतात होता. गाऊन, स्वेटर आणि विस्कटलेले केस बघून तो म्हणाला, "पालकांना आत सोडत नाही, बाई."

"मी कुणाची पालक नाही," काकू धापा टाकत म्हणाल्या. मागे सायकल धरून उभ्या असलेल्या धडामकडे त्यांनी एकदा बघितलं. "म्हणजे आहे. पण पेपर माझा आहे."

त्यानं ओळखपत्र बघितलं, काकूंच्या तोंडाकडे बघितलं आणि बाजूला झाला.

पेपर पुरा झाला नाही. शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. त्यातला आकडा चुकला असणार असं त्यांना बाहेर येतानाच वाटत होतं. पायऱ्यांवर धडाम बसली होती. दिवसभराचं कॉलेज बुडवून. काकू तिच्याशेजारी बसल्या. आयुष्यात इतकं कधी थकल्या नव्हत्या. वॉर्डातही नाही.

"पट्ट्या तुमच्यामुळे लावल्या होत्या मी," धडाम म्हणाली. "म्हणजे, तुम्ही तक्रार केलीत म्हणून."

"माहितीय मला. चुकलंच माझं."

"तुमचं कशाला? आपटायचेच मी."

काकूंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. संध्याकाळी लेकीनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे हॉस्टेल वाईटच." काकू म्हणाल्या, "आज नको विचारूस बाई."

निकाल लागला. काकू पास झाल्या, अगदी काठावर. शेवटच्या अर्ध्या प्रश्नानंच तारलं असावं. मजल्यावर इतका गोंधळ झाला की रेक्टरबाई वर आल्या आणि कुणाची तक्रार करायची ते न कळून केकचा तुकडा घेऊन खाली गेल्या.

आता काकू शिकवतात. दिवसाची नोकरी आहे, खुर्ची आहे, तिला मागे टेकायलाही आहे. लेक मावशीकडे गेली नाही. दुसऱ्या गावात हॉस्टेलला राहते. परवा तिचा फोन आला. चिडली होती.

"आई, वरची मुलगी पहाटेपासून कपाट सरकवते. रोज! काय ठेवते त्यात कुणास ठाऊक. मी तक्रार करणार आहे."

"नको करूस."

"अगं, झोप नाही मला."

"कळतंय गं. मला नाही कळणार तर कुणाला? पण नको करूस. आणि एखाद्या दिवशी कपाट सरकलं नाही, तर वर जाऊन तिचं दार वाजव. टॉवेल असला तरी वाजव."

"कसला टॉवेल?" लेकीनं विचारलं. काकूंनी विषय बदलला.

त्या रात्री त्यांनी गजर लावला. एक मोबाईलवर, एक घड्याळावर. भिंतीवरचं घड्याळही आता भिंतीवरच असतं. नवरा घोरत नाही, घरात तिसरं कुणी नाही, शेजारी सज्जन आहेत. इतकी शांतता की बोलायची सोय नाही. एके काळी याच शांततेसाठी बाई स्वयंपाकघरात रडल्या होत्या. आणि आता रोज पहाटे, दोन्ही गजर व्हायच्या कितीतरी आधी, कुठूनच काही आवाज येत नाही म्हणून त्या दचकून उठून बसतात आणि दिवा लावून घड्याळ बघतात.